कचेरीच्या पँटींची भिंत

माझ्या दुकानात भिंतभर पँटी टांगलेल्या असतात आणि त्यातली एकही विकायची नसते. नवा माणूस आत येतो, एखादीची मोहरी, म्हणजे पायाकडची कड, चिमटीत धरून कापड चोळून बघतो आणि विचारतो, "ही केवढ्याला?" मी सांगतो, "हिचा मालक आज घरी भात लावतोय. बाजाराला येईल तेव्हा त्यालाच विचारा."

यंदा याच भिंतीखाली एक ठरलेलं लग्न मोडायला आलं होतं. पोशेऱ्याच्या सोमाची मुलगी वनिता जंगल खात्यात गार्ड म्हणून लागली. गार्डला खाकी पँट घालावी लागते. आणि होणाऱ्या सासऱ्याने निरोप धाडला, पँट घालणारी सून आम्हाला नको. साखरपुडा झालेला, दोन्हीकडचे पाडे जेवून गेलेले, मुलगा पोरीला पसंत. ट्रेनिंगला जायला आठवडा उरलेला. नोकरी धरायची की नवरा, असा पेच पडला. त्याचं काय झालं ते सांगतोच, पण आधी ही भिंत कशी उभी राहिली ते सांगायला हवं. नाहीतर त्या दिवशी मी एवढा का भडकलो ते कळायचं नाही. तसा मी एरवीही भडकतो. जव्हारच्या बाजारात हे कुणाला नवीन नाही.

दुसऱ्याच्या ओट्यावर, भाड्याच्या मशीनवर मी शिवायला सुरुवात केली. ओट्याच्या मालकाशी घासाघीस, दोऱ्यावाल्याशी घासाघीस, मशीन दुरुस्त करणाऱ्याशी घासाघीस, असं करत करत स्वतःचं दुकान केलं. मला कुणी हात दिला नाही आणि मीही कुणाकडे मागितला नाही. अशा काळात एके दिवशी सोमा आला. तरणाबांड, अंगात हाफ पँट आणि वर शर्ट, पायात काही नाही. कुठल्याशा दाखल्यासाठी एका कचेरीत गेला होता, तिथून सरळ माझ्याकडे.

"मास्तर, मना बसायची पँट शिव."

मला वाटलं, बसायला सैल पडेल अशी म्हणतोय. म्हटलं, "म्हणजे कशी?"

"मी गेलो तर सायेब बोलला, भायेर उभा राहा. माज्या मागून एक आला. त्याला बोलला, बसा. त्याचा पण दाखला, माजा पण दाखला. त्यानं फुलपँट घातलेली. तशी शिव. बसा बोलतात तशी."

मी शिवली. आठवड्याने आला, माझ्याच दुकानात चढवली, कचेरीत गेला. परत आला तो हसत हसत. "मास्तर, बसलो! खुर्चीत बसलो! दाखला नाय दिला, उद्या ये बोलला, पण बसून बोलला." मग आत जाऊन त्याने पँट उतरवली, हाफ पँट घातली आणि पँटीची घडी माझ्यापुढे ठेवली. "ही हितंच राहू दे."

मी चिडलो. म्हटलं, माझं दुकान आहे, तुझं कपाट नाही. पण त्याचं म्हणणं ऐकून घेतलं. जीप त्याला रस्त्यावर सोडते, तिथून पाड्यावर जायला नाल्याच्या काठाने खाली उतरायचं, दोन्ही बाजूंनी काटे. पावसाळ्यात गुडघाभर चिखल. घरात चुलीचा धूर, इस्त्री नाही. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे पाड्यावरची तोंडं. "घालून गेलो तर बोलतील, आला भाऊसायेब, खाट टाका."

मी एक खिळा ठोकला.

मग सोमाचा मेहुणा आला, मेहुण्याचा शेजारी आला. खिळे वाढत गेले. मागे एक पडदा लावला, बदलायला जागा केली. बाजाराच्या दिवशी सकाळी हाफ पँटवाले आणि धोतरवाले पडद्याआड जायचे आणि पँटवाले बाहेर पडायचे. संध्याकाळी उलट. माझा नियम एकच: धुवायची मालकाने, इस्त्री माझी. हे मी पुण्य म्हणून केलं असं कुणी समजू नये. ज्याची पँट माझ्या भिंतीवर, त्याच्या घरातला प्रत्येक शर्ट, प्रत्येक पोलकं, लग्नातला प्रत्येक कपडा माझ्याच मशीनखाली. हे मी पहिल्याच दिवशी सोमाकडून कबूल करून घेतलं होतं. शिवाय उन्हाळ्यात करवंदं आणि पावसाळ्यात रानभाज्या ही वरकड.

पँटीबद्दल थोडं सांगतो, कारण पँट घालणाऱ्यांना ती ठाऊक नसते. कंबर, सीट, मांडी, गुडघा, मोहरी आणि उंची एवढी मापं कुणीही घेईल. खरं काम बैठकीचं. कमरेपासून खाली दोन पायांची शिवण जिथे मिळते तिथपर्यंतच्या अंतराला आम्ही बैठक म्हणतो. खुर्चीत बसणाऱ्याला बैठक कमी चालते. उकिडवा बसणाऱ्याला मागून जास्त कापड द्यावं लागतं, नाहीतर शिवण बोलते, म्हणजे उसवते. आता सोमाला साहेब बसा म्हणाला, पण आधी चार तास बाहेर भिंतीशी उकिडवं बसायला लागतंच की! म्हणून माझ्या भिंतीवरची प्रत्येक पँट दोन्ही तऱ्हेच्या बसण्यासाठी शिवलेली आहे. बाजारातली रेडिमेड पँट फक्त खुर्चीत बसणाऱ्यांसाठी कापलेली असते. ती घालून आमच्याकडचा माणूस खाली बसला की मला गिऱ्हाईक मिळतं.

पँटीत माणूस किती अडकतो याचा एक नमुना सांगतो. एका कचेरीतले हेडक्लार्क माझे जुने गिऱ्हाईक. कमरेला दोन प्लेटांची, म्हणजे चुण्यांची, राखी पँट, दरवर्षी तीच. एकदा त्यांच्याच कचेरीतल्या शिपायाने तसलंच कापड आणलं, तशाच दोन प्लेटा टाकून घेतल्या. दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क फणफणत दुकानात.

"मास्तर, माझी पँट आणि शिपायाची पँट सारखी? आज सकाळी एका माणसाने त्याला वाकून नमस्कार केला आणि मला विचारलं, साहेब आत आहेत का?"

मी म्हटलं, "साहेब, त्याने कापड आणलं, मी शिवलं. आता त्याची फाडू का?"

"काहीतरी फरक करा."

"करतो. तुम्हाला एक प्लेट जास्त टाकतो."

तीन प्लेटांची पँट घालून ते खूश होऊन गेले. पुढच्या आठवड्यात शिपाई आला. "मास्तर, मलाही तीन पाहिजेत." मी म्हटलं, "थांब, आधी त्यांना चार घालू दे." आणि खरंच चार झाल्या. चार प्लेटांची पँट घालून ते चालायला लागले की पुढून वारा भरल्यासारखे दिसायचे. मी दोघांनाही कधी नाही म्हटलं नाही. कापड त्यांचं, हौस त्यांची, शिलाई माझी. पुढे प्लेटांची फॅशनच गेली तेव्हा कुठे दोघांचं भांडण मिटलं.

आणि एक शहरातले मोठे साहेब. जवळच्या शिरपामाळला कुटुंबासह फिरायला आले होते. फोटोसाठी दगडावर चढताना पँट मागून उसवली. माझ्या दुकानात शिरले ते पाठ भिंतीला लावून, खेकड्यासारखे. मी टॉवेल दिला आणि पडद्याआड बसवलं. तिथे आधीच दोघं इस्त्रीची वाट बघत टॉवेलावर बसलेले. आमच्याकडे टॉवेल नेसलेला माणूस पडद्यामागे दिसला की एकच अर्थ, याचं कचेरीत काम अडलंय. त्यातला एक म्हातारा साहेबांना समजवायला लागला, "तुमचा कसला दाखला? घाबरू नका. आत गेल्यावर आधी गप बसायचं. त्यो मान वर करंल तेव्हाच बोलायचं." साहेब बिचारे मान हलवत होते. जाताना मला म्हणाले, "मास्तर, मी स्वतः रोज दाखल्यांवर सह्या करतो हो." मी म्हटलं, "मग आता सही करताना मान लवकर वर करा." हसले. मनापासून हसले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

आता माझ्या मनातली सल. ही सांगितल्याशिवाय मी लेख पुरा करणार नाही, असं संपादकांना आधीच बजावलंय.

ठाण्याकडची काही समाजसेवा करणारी मंडळी एकदा जव्हारला आली. कुणीतरी त्यांना सांगितलं, बाजारात एक दुकान आहे, तिथे खेड्यातल्या लोकांना कपडे बदलायची सोय केलीय. मंडळी दुकानात आली. मी मशीनवर, अंगात बनियन, खाली लेंगा, अंगभर दोरे चिकटलेले. मशीनवर दिवसभर पँट घालून बसता येत नाही, मांडीत काचते, हे ज्याने मशीन चालवलंय त्याला कळेल. आणि बाकावर पेपर वाचत बसले होते शेजारचे कापडवाले शेठ, पांढऱ्या सफारीत. मंडळींनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सफारीकडे बघितलं, आणि हात जोडले ते सफारीला. "ही कल्पना आपली का?"

शेठ काय म्हणाले? शेठ म्हणाले, "चाललंय आपलं थोडंफार."

थोडंफार! भिंत माझी, खिळे माझे, इस्त्रीचे कोळसे माझे, आणि यांचं चाललंय थोडंफार! महिन्याभराने कार्यक्रम झाला. शेठना शाल, श्रीफळ, हार. मी शेवटच्या रांगेत उभा. ते शाल घ्यायला वाकले तेव्हा सफारीची मागची शिवण अजिबात ताणली नाही. ताणणार कशी? बैठक मी काढली होती, काजं माझ्या बायकोने, सुमनने केली होती. मी चांगलं शिवलं नसतं तर त्याच दिवशी न्याय झाला असता.

सुमन म्हणते, "सोडून द्या आता." मी म्हणतो, सोडणार नाही. शेठ रोज सकाळी राम राम करतात, मीही करतो. पण त्यांच्या दुकानातलं कापड मी आजही घासाघीस केल्याशिवाय घेत नाही आणि त्यांनी सांगितलेल्या पहिल्या भावात कधी देऊ देत नाही.

तर वनिता.

ती लहान असल्यापासून सोमाबरोबर दुकानात यायची, चिंध्या गोळा करून न्यायची. यंदा आली ती खाकी कापड घेऊन. तिच्यामागे सोमा, तोंड पडलेलं. त्यानेच देवरामचा निरोप सांगितला. देवराम म्हणजे होणारा सासरा, खोडाळ्याकडचा, त्याच्या भागात चार माणसं ऐकतील असा.

मी वनिताला विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

"मास्तरकाका, तुमी आधी पँट शिवा. रेडिमेड घालून बघितली. कमरेच्या मापाची घेतली तर मांडीवर चढत नाय, मांडीवर चढली तर कंबर अशी उभी राहते, आत कोंबडी मावेल."

एवढी वर्षं मी पँटी शिवल्या, पण बाईची पँट कधी शिवली नव्हती. मापं सुमनने घेतली, मी भिंतीकडे तोंड करून आकडे लिहून घेतले. पहिली पँट पुढून पँट आणि मागून पोतं झाली. सुमन पोट धरून हसली. मला राग आला, उसवली, पुन्हा कापली. बाईच्या कमरेत आणि सीटमध्ये फरक जास्त. तो मागे दोन डार्ट घालून, म्हणजे कापडाला आतून उतरत्या शिवणी मारून, जिरवायचा असतो. पोलक्यात आम्ही हे रोज करतो, पण पँटीत डोकं चाललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जमली. शिवाय बैठक मी सोमाचीच धरली, कारण ही पोर खुर्चीत बसायला जाणार नव्हती, डोंगर चढायला जाणार होती.

वनिता ती घालून पडद्याबाहेर आली. आरशात बघितलं नाही. सरळ गल्लीत उतरली, शेठच्या दुकानापर्यंत पळत गेली, पळत आली, गटार ओलांडून उडी मारली, उकिडवी बसली, उठली.

"काकी, शिवण बोलली नाय!"

सुमनच्या डोळ्यांत पाणी. मी खडू शोधायचं सोंग केलं.

बोलणी माझ्या दुकानात करायची असं सोमानेच ठरवलं. त्याला स्वतःच्या जिभेवर भरवसा नव्हता आणि माझ्या जिभेवर होता. ठरल्या दिवशी देवराम आला, बरोबर बायको ठकूबाई आणि मुलगा रमेश. रमेश वसईकडे कंपनीत कामाला, बोलण्यात हिंदी मिसळलेलं, पोरगा चांगला. देवरामने राम राम केला, सरळ भिंतीकडे गेला, खिळ्यावर टांगलेली आपली पँट काढली, पडद्याआड जाऊन चढवली आणि मग खुर्चीत बसला.

"बोल मास्तर."

माझं डोकं तिथेच तापलं. "देवरामभाऊ, सुनेची पँट नको म्हणायला तुम्हाला आधी पँट चढवावी लागली?"

"मोठं बोलणं हाये. बिनापँटीचा कसा बसू?"

"मग तिलाही मोठं काम आहे."

"बाईमाणूस हाये ती. लोक काय बोलतील? आणि वर खाकी. माझा बाप खाकी बघून रानात पळायचा. ती खाकी मी घरात नांदवू?"

वनिता नवी खाकी पँट घालून कोपऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "घरातच असली तर पळायला नको ना."

रमेश हसला. बापाने बघितल्यावर गप्प झाला. तेवढ्यात माझं लक्ष रमेशच्या जीन्सकडे गेलं. दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली, आतले गुडघे बाहेर. मी म्हटलं, "हे काय? दे इकडे, ठिगळ मारतो."

"नाय मास्तरकाका, ये ऐसाच मिलता है. फाटकी महाग असते."

तेव्हा माझा तोल गेला. जन्मभर लोकांची फाटकी पँट झाकायचं काम केलं मी, आणि हा फाडलेली विकत घेतो! मी टेबलावर हात आपटला. "देवरामभाऊ, फाटकी पँट घातलेला मुलगा तुम्हाला चालतो आणि शिवलेली घातलेली सून चालत नाही? संपलं बोलणं! पँट उतरवा. पण भिंतीवर टांगू नका. घेऊन जा. घालून जा पाड्यावर, बघू दे सगळ्यांना!"

घासाघीशीत एक वेळ अशी येते की माल उचलून चालायला लागायचं असतं. मी तेच केलं, फक्त माल त्याचा होता. देवराम खुर्चीला चिकटून बसला. पँट घरी न्यायची म्हणजे काय ते त्याला ठाऊक होतं.

"तसं नको, मास्तर. मी काय नोकरी सोड बोलत नाय."

तो एक पायरी उतरला. मी आतून खूश, बाहेरून तसाच लाल.

"नोकरी करू दे. पण पँटीवरून लांब कुडता घालू दे."

वनिता म्हणाली, "शर्ट आत खोचायचा असतो. वर पट्टा असतो."

देवरामची नजर भिंतीवरच्या पँटींवरून फिरली. मग त्याच्या चेहऱ्यावर तेज आलं. "मग असं करू. घरून साडी नेसून निघंल. हितं येईल, पडद्यामागं बदलंल, ड्युटी करंल. येताना पुन्हा हितं बदलंल. आमी सगळे करतो तसं. काय मास्तर? तुमचीच रीत हाये."

सोमाने सुटकेचा श्वास टाकला. खरं सांगतो, मलाही सौदा पटला. नोकरी नको इथपासून सुरुवात झाली होती, आणि मी त्याला एका खिळ्यापर्यंत आणलं होतं. लग्न राहिलं, नोकरी राहिली, माझी रीत मोठी झाली. मी उठलो, हातोडी घेतली, भिंतीवर चांगली मधली जागा बघितली.

"मास्तरकाका, खिळा ठोकू नका."

वनिता पुढे आली होती. आवाज चढवला नाही. "बाबा हितं पँट घालतो ती सायेबासमोर बसायला. मना कोणासमोर बसायचं नाय. माजी ड्युटी जंगलात. जंगल यांच्या घराच्या मागं. घरून निघून जीपनं जव्हारला यायचं, पँट घालायची, पुन्हा जीपनं घराच्या मागं जायचं? तवर लाकूडचोर लाकूड विकून, जेवून झोपंल."

सुमनला हसू आवरेना. मीही हातोडी धरून तसाच उभा. खिळा कुठे ठोकायचा एवढंच मी बघत होतो, पोरीला जायचंय कुठे हे बघितलंच नव्हतं.

"मी घरूनच घालून निघणार," वनिता म्हणाली. "अंगणातून. तुमाला चालत असंल तर लग्न. नायतर राहू दे." शेवटचं वाक्य बोलताना तिने रमेशकडे बघितलं नाही, आणि म्हणूनच तिला त्याचं किती पडलंय ते सगळ्यांना कळलं. रमेश उठला, पुन्हा बसला. "बाबा, मना चालतं," एवढंच पुटपुटला.

देवराम उभा राहिला. "तुला चालंल रे. तू वसईला. पाड्यावर मना राहायचं. मांड्या-पोटऱ्या दाखवत सून फिरली तर मी तोंड कुठं..."

"कुठं दिसतात?"

हा आवाज ठकूबाईचा. आल्यापासून ती भिंतीशी खाली बसली होती, एक शब्द बोलली नव्हती. अंगावर आमच्याकडच्या बायका नेसतात तसं आखूड लुगडं, गुडघ्याच्या वर खोचलेलं. ती उठली, वनिताजवळ गेली, वाकून तिच्या पँटीची मोहरी हातात धरली.

"टाचेपर्यंत झाकलेली हाये पोर. कुठं दिसतात पोटऱ्या?" मग स्वतःच्या उघड्या पायाकडे बोट केलं. "ह्या बघ, ह्या दिसतात. जन्मभर भात लावलं, पाणी भरलं, लाकडं आणली. साऱ्या मुलखानं बघितल्या. तेव्हा तुला लाज नाय वाटली?"

देवराम आधी बायकोच्या पायांकडे, मग वनिताच्या पायांकडे, मग स्वतःच्या पँटीकडे बघत राहिला. मला वाटलं आता हा भडकणार. पण तो पुन्हा खुर्चीत बसला आणि त्याला हसू फुटलं. आधी नाकातून, मग तोंडातून, मग खुर्ची हलायला लागली.

"च्यामारी," तो म्हणाला, "आपल्या घरात झाकलेली बाई हीच एक असंल."

सोमा रडत होता की हसत होता ते त्यालाही सांगता आलं नसतं. रमेश बाहेर पळाला, चहा सांगायला. ट्रेनिंग आधी, लग्न नंतर, आणि खाकी अंगणातूनच, असं तिथल्या तिथे ठरलं. माझ्या सगळ्या घासाघीशीचा त्यात वाटा किती, ते मी विचारलं नाही. सुमनने विचारण्याआधीच माझ्याकडे डोळे वटारले होते.

ठकूबाई मात्र अजून वनिताजवळच उभी होती. मोहरी सोडून ती वर सरकली होती. कापड चाचपत चाचपत तिचा हात एका फटीत गेला आणि मनगटापर्यंत आत नाहीसा झाला. ती दचकली.

"हे काय?"

"खिसा, मावशी," वनिता म्हणाली.

"एवढा खोल?" तिने हात आत फिरवला, बाहेर काढला, पुन्हा घातला. "कनवटीला खोचलेलं भात लावताना चिखलात पडतं. ह्यातून नाय पडायचं." मग माझ्याकडे वळली. आतापर्यंत तिने मला एकदाही थेट हाक मारली नव्हती. "ओ मास्तर. माझ्या पोलक्याला लावशील का खिसा?"

बोलणी म्हटली की माझी जीभ आपोआप चालते. "एक लावतो, ठकूबाई. आतून. छोटा."

"एक कशाला?" तिने दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. चिखलाने आणि कोयत्याने चिरलेले, हळद लागल्यासारखे पिवळट. "हात दोन हायेत ना मना?"

सुमन टेप घेऊन उठलीच होती.